गोळीचा अंगरखा

चुलीच्या निखाऱ्यांवर लोखंडी पळीत शिसं सहज वितळतं. ३२७ अंश सेल्सिअसला त्याचं पाणी होतं. तांब्याला १०८५ अंश लागतात, म्हणजे भट्टी आली, भाता आला. जड, मऊ, स्वस्त आणि कुठेही ओतता येणारं, म्हणून कित्येक शतकं बंदुकीची गोळी म्हणजे शिसंच. साचा आणि पळी जवळ असली की सैनिक तळावरच गोळ्या पाडून घेत. शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीकडून ८० तोफा घेतल्या, तेव्हा बंदुकांना पुरेल इतकं शिसंही घेतलं, असं रॉबर्ट ऑर्म हा इंग्रज इतिहासकार सांगतो. तोफांचा आकडा सगळे लक्षात ठेवतात, शिशाची चौकशी कोणी करत नाही.

नळीच्या आत पिळदार खाचा पाडून गोळीला गिरकी दिली की नेम सुधारतो, हे जुनंच ज्ञान. पण खाचांत बसेल इतकी घट्ट गोळी तोंडाकडून ठासायची तर हातोडीचं काम. फ्रान्सच्या क्लोद मिनिए याने १८४९ मध्ये यावर तोडगा काढला. गोळी थोडी बारीक, बुडाशी पोकळ. दारू पेटली की वायूच्या दाबाने बूड फुलतं आणि खाचांना चिकटतं. शिशाचा मऊपणा हा इथे दोष नव्हता, सगळी करामत त्याच्यावरच उभी होती. इंग्रजांची १८५३ची एनफील्ड रायफल याच जातीची. तिच्या काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली असे आणि ते दातांनी फाडावं लागे. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत त्या चरबीची कुजबुज सुरू झाली. पुढचा उठाव सर्वांना ठाऊक आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या प्रवासवर्णनातही ही काडतुसं येतातच.

डमडमचं नाव मात्र चाळीस वर्षांनी पुन्हा जगभर गाजायचं होतं, तेही गोळीमुळेच.

मधल्या काळात दारूच बदलली. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ मध्ये धूर न करणारी दारू तयार केली आणि दोन वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हाती ८ मिलिमीटरची लेबेल रायफल आली. काळ्या दारूने गोळी सेकंदाला चारशे-साडेचारशे मीटर जाई, ती आता सहाशेच्या पुढे गेली. एवढ्या वेगात मऊ शिसं खाचांना धरून राहीना. ते सोलवटून निघे, नळीत माखे आणि गोळी गिरकी न घेताच बाहेर पडे. यावरचा उपाय स्वित्झर्लंडमध्ये आधीच सापडला होता. थुन गावच्या सरकारी दारूगोळा कारखान्यातल्या एडुआर्ड रुबिनने १८८२ मध्ये शिशाच्या गाभ्यावर तांब्याचा अंगरखा चढवला होता. तांबं खाचांत रुतण्याइतकं मऊ आणि सोलवटणार नाही इतकं चिवट. आत शिशाचं वजन, बाहेर तांब्याची पकड.

या आवरणामागे दयामाया काही नव्हती. ते नळीसाठी होतं, समोरच्या माणसासाठी नव्हे. नंतरच्या सगळ्या वादात हीच गोष्ट विसरली गेली.

इंग्रजांची मार्टिनी-हेन्री रायफल सुमारे ३१ ग्रॅमची शिशाची गोळी झाडत असे. तिच्या जागी आलेल्या .३०३ ली-मेटफोर्डची गोळी जेमतेम १४ ग्रॅमची, तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूने मढवलेली. १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर चित्रालचा वेढा उठवायला गेलेल्या फौजेकडे ती होती. तिथून तक्रारी आल्या, की गोळी अंगातून आरपार जाते आणि पठाण धावतच राहतो. शिशाची गोळी आत शिरताच पसरत असे, ही सरळ निघून जाई.

डमडमच्या कारखान्यातला कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने मग टोकाकडचं आवरण थोडं उघडं ठेवलं. एक-दोन मिलिमीटर शिसं डोकावू लागलं. तेवढ्याने गोळी नळीत तांब्याची राहिली आणि अंगात शिशाची झाली. त्याच सरहद्दीवरच्या १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती वापरली गेली, आणि युरोपातल्या वर्तमानपत्रांत ‘डमडम’ ही शिवी ठरली.

ट्युबिंगेनचे जर्मन शल्यचिकित्सक पॉल फॉन ब्रुन्स यांनी अशा गोळ्यांच्या भयंकर जखमांचं वर्णन प्रसिद्ध केलं. स्कॉटलंडचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांनी लगेच हरकत घेतली, की ब्रुन्स यांनी तपासल्या त्या शिकारीच्या गोळ्या, त्यांचं टोक कितीतरी जास्त उघडं होतं. हरकत खरी होती. पण इंग्रजांची मूळ तक्रारच ‘माणूस पुरेसा पडत नाही’ अशी असल्यावर ही बाजू मांडणं अवघडच.

१८९९ च्या उन्हाळ्यात हेग परिषदेत प्रकरण आलं. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद आज वाचला तर अंगावर काटा येतो. सुसंस्कृत सैनिक गोळी लागली की मागे सरतो, रानटी माणूस मात्र थांबत नाही, अशा आशयाचं ते बोलले. पसरणारी गोळी कोणासाठी राखायची होती, हे याहून उघडपणे सांगता आलं नसतं. २९ जुलैच्या जाहीरनाम्यात शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. उदाहरण म्हणून गाभा पूर्ण न झाकणारं किंवा चिरा दिलेलं आवरण. ब्रिटन आणि अमेरिका यांनी विरोधात मत दिलं. ब्रिटनने मान्यता दिली ती १९०७ मध्ये.

म्हणजे नळीच्या सोयीसाठी आलेला अंगरखा आता कायद्याची कसोटी झाला. कसोटी ठरली की वाटही निघते. १९१० ची .३०३ मार्क ७ गोळी पूर्ण झाकलेली, टोकदार आणि कायद्यात चोख बसणारी. पण तिच्या टोकाशी शिशाऐवजी हलकं ॲल्युमिनियम भरलेलं. वजन मागे गेल्याने ती शरीरात शिरली की उलटीपालटी होई. आवरण शाबूत, जखम मोठी. ही .३०३ ची काडतुसं आपल्या खडकीलाही बनत. १८६९ पासूनच्या त्या कारखान्याची ‘के एफ’ ही अक्षरं काडतुसाच्या बुडावर उमटवलेली असत.

तांबं-निकेलच्या आवरणाला स्वतःचीही खोड होती. त्याच्या गाठी नळीत चिकटत आणि घासून निघता निघत नसत. १९२० च्या दशकात अमेरिकेने जवळपास शुद्ध तांब्यात थोडं जस्त मिसळलेला मिश्रधातू घेतला आणि ही कटकट बरीचशी संपली. फ्रान्सने तर १८९८ मध्येच शिसं वगळून अख्खी पितळी गोळी काढली होती, पण तेव्हा ती वाट फार कोणी धरली नाही.

शंभर वर्षांनी तिला गिऱ्हाईक मिळालं, ते एका गिधाडामुळे. कॅलिफोर्निया कॉन्डॉर १९८२ मध्ये जगात अवघे २२ उरले होते. शिकारी हरणाची आतडी रानात टाकून जात, त्यांत शिकारीच्या गोळीचे बारीक कण असत. शिकारीची गोळी पसरावी म्हणून तिचं टोक उघडंच ठेवतात, त्यामुळे आवरण फाटून शिसं विखुरतं. ते खाऊन पक्षी विषबाधेने मरत. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या बार्न्स कंपनीने सबंध तांब्याची, टोकाशी पोकळ गोळी बाजारात आणली. ती पाकळ्यांसारखी उघडते, पण सहसा तुटत नाही. कॅलिफोर्नियाने २००८ पासून कॉन्डॉरच्या प्रदेशात आणि १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली. तांब्याची गोळी महाग पडते आणि वजनाला हलकी असल्याने तेवढ्याच वजनासाठी लांब करावी लागते, अशा शिकाऱ्यांच्या तक्रारी अजून चालू आहेत.