थीओडोरिक द ग्रेट

(सु. ४५४–३० ऑगस्ट ५२६). ऑस्ट्रोगॉथ लोकांचा राजा व ४९३ पासून मृत्यूपर्यंत इटलीचा शासक. ॲमल घराण्यातील थीओडेमीर याचा हा मुलगा पॅनोनियात जन्मला. पूर्व रोमन सम्राट पहिला लिओ याच्याशी झालेल्या तहानुसार त्यास बालपणीच ओलीस म्हणून कॉन्स्टँटिनोपलला पाठविण्यात आले. तेथील सु. दहा वर्षांच्या वास्तव्यात रोमन राज्यकारभाराची त्याला जवळून ओळख झाली. पुढे तो राजा झाल्यावर सम्राट झीनोने त्यास ४८४ मध्ये कॉन्सलपद दिले. तथापि तीनच वर्षांनी त्याने राजधानीवर चाल केली. ही पीडा टळावी म्हणून झीनोने त्याला इटलीत ओडोएसरविरुद्ध धाडले.

अखेरचा पश्चिम रोमन सम्राट रॉम्युलस ऑगस्ट्यूलस यास ओडोएसरने ४७६ मध्ये पदच्युत केले होते. थीओडोरिकने ४८९ मध्ये इटलीत शिरून त्याचा इझाँत्सो व व्हेरोना येथे पराभव केला आणि राव्हेन्नास दीर्घकाळ वेढा दिला. ४९३ मध्ये बिशपच्या मध्यस्थीने दोघांनी मिळून राज्य करण्याचा तह झाला. परंतु थोड्याच दिवसांत थीओडोरिकने मेजवानीच्या वेळी ओडोएसरला स्वतःच्या हाताने ठार केले. या विश्वासघाताने सुरू झालेली राजवट इटलीस तीस वर्षे शांतता देणारी ठरली, हे नमूद केले पाहिजे.

शस्त्र गॉथांच्या हाती व मुलकी कारभार रोमनांच्या हाती, हे त्याच्या राज्यव्यवस्थेचे सूत्र होते. सीनेट, कॉन्सलपद, करपद्धती व रोमन कायदा ही सर्व त्याने चालू ठेवली. गॉथांमधील तंटे गॉथ अधिकारी सोडवी. वाद गॉथ व रोमन यांच्यात असल्यास त्याच्या जोडीला रोमन कायदेपंडित बसे. कॅसिओडोरसने राजाच्या वतीने लिहिलेल्या पत्रांतून या कारभाराचे तपशील मिळतात. राजा एरियन पंथीय, तर बहुसंख्य प्रजा कॅथलिक होती. पण धर्माची सक्ती करता येत नाही, असे त्याने जेनोआच्या ज्यूंना कळविले होते. ५०० मध्ये त्याने रोमला भेट देऊन तेथील गरिबांसाठी धान्याची वार्षिक नेमणूक केली.

फ्रँक, व्हिसिगॉथ, बर्गंडियन व व्हँडाल राजघराण्यांशी त्याने सोयरिकी जोडल्या. तथापि त्याचा मेहुणा क्लोव्हिस याने ५०७ मध्ये त्याचाच जावई दुसरा ॲलरिक यास व्हूये येथे ठार केले, तेव्हा या नात्यांची मर्यादा उघड झाली.

५१९ मध्ये रोम व कॉन्स्टँटिनोपल येथील चर्चमधील दुही मिटली आणि सीनेटमधील उमराव पूर्वेकडील सम्राटाशी संधान बांधतात, असा संशय राजाला येऊ लागला. एका सीनेटरची बाजू घेतल्यामुळे बोइथिअस या तत्त्वज्ञ मंत्र्यास कारावास व सु. ५२४ मध्ये देहदंड झाला. बंदिवासात त्याने तत्त्वज्ञानाने दिलेल्या सांत्वनाविषयीचा ग्रंथ लिहिला. त्याचा सासरा सिमॅकस यासही ठार करण्यात आले, तर पोप पहिला जॉन ५२६ मध्ये कैदेत मरण पावला. वृद्धापकाळातील भीतीने हे घडले असे पुष्कळदा म्हटले जाते; परंतु दोन समाजांना वेगळे ठेवून चालविलेल्या राज्यात परस्परविश्वासाचा पाया मुळातच अरुंद होता, हे कारण अधिक पटते.

त्याच्यानंतर अल्पवयीन नातू ॲथॅलरिक गादीवर आला व मुलगी ॲमलसुंथा कारभार पाहू लागली. ५३५ मध्ये तिची हत्या झाली, ते निमित्त करून सम्राट जस्टिनियनने इटलीवर युद्ध लादले. ५५४ पर्यंत चाललेल्या या संघर्षात रोमला वारंवार वेढे पडले, ५३७ मध्ये शहराचे जलसेतू तोडले गेले व सीनेटर घराण्यांची वाताहत झाली. ५६८ मध्ये लाँबर्ड आले ते या उजाड प्रदेशात. पाठ्यपुस्तकांतून ४७६ हे प्राचीन रोमच्या अंताचे वर्ष मानले जाते. इटलीपुरते पाहता जुने नागरी जीवन मोडले ते या युद्धात, आणि तेही रोमन सम्राटाच्या सैन्यामुळे.

राव्हेन्ना येथील त्याच्या समाधीचा घुमट सु. १० मी. व्यासाच्या एकाच अखंड दगडाचा आहे. तेथीलच सांत आपोल्लिनारे न्वोव्हो हे त्याने बांधलेले चर्च पुढे कॅथलिकांकडे गेले. त्यातील कुट्टिमचित्रांत राजवाड्याच्या कमानींखाली असलेल्या मानवाकृती तेव्हा काढून त्यांच्या जागी पडदे रंगखड्यांत बसविण्यात आले. मात्र खांबांवर आलेले काही हात तसेच राहिले असून ते आजही दिसतात.