लाखेच्या तबकडीवरचे जॅझ : छोट्या ध्वनिमुद्रिका कंपन्या आणि पुनर्प्रकाशनाचा इतिहास

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहण्याच्या कितीतरी आधी छत्तीसगडच्या जंगलपट्ट्याचा जागतिक ध्वनिमुद्रण-व्यवसायाशी संबंध जुळला होता, आणि तो जुळला होता लाखेमुळे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेसारखा जो स्राव सोडतात, तो खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पत्रे केले की त्यांना चपडा म्हणतात. हाच चपडा दगडाची बारीक पूड, काजळी आणि सुती तंतू यांत कालवून मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी दाबली जात असे. मिश्रणात खनिज पूड अधिक असली तरी सारे बांधून ठेवणारे द्रव्य लाखच होते, आणि जगाला लागणारी लाख प्रामुख्याने भारतातूनच जात असल्यामुळे न्यू ऑर्लिन्स आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेले जॅझ हे संगीत, ज्याचा प्राण ठरावीक सुरावटीवर ऐनवेळी केलेल्या उपजेत असतो, ज्या तबकड्यांवरून जगभर पोहोचले त्यांचा कच्चा माल मध्य आणि पूर्व भारतातील आदिवासी संग्राहकांच्या हातून गेलेला असे. १९४२ साली युद्धामुळे आशियातून येणारा पुरवठा धोक्यात आल्यावर अमेरिकी सरकारने ध्वनिमुद्रिकांसाठी वापरायच्या चपड्यात सुमारे ७० टक्के कपात केली, आणि नव्या तबकड्यांसाठी ग्राहकांकडून जुन्या तबकड्या परत घेऊन त्या दळण्याची वेळ कंपन्यांवर आली. लाखेची तबकडी ठिसूळ, तिचे द्रव्य पुन्हा वितळवून वापरता येण्याजोगे, आणि म्हणून जुने संगीत नष्ट होण्याचे एक कारण त्या द्रव्यातच दडलेले होते.

भारतात ध्वनिमुद्रणाचा धंदा सुरू झाला तो १९०२ साली, ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात येऊन गेल्यानंतर. पुढे १९०८ मध्ये त्याच शहरात सियालदह येथे कंपनीचा तबकड्यांचा कारखाना निघाला. या धंद्याची सत्ता कशात होती हे त्याच्या कृतीवरून कळते. मेणाच्या जाड चकतीवर आवाज कोरला जाई, विद्युतविलेपनाने, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून, त्या चकतीचा उलटा धातुठसा काढला जाई, आणि अशा ठशांखाली गरम लाखमिश्रण दाबून हव्या तितक्या प्रती निघत. धातुठसे ज्याच्या कपाटात त्याच्याच हाती त्या संगीताचे भवितव्य. मुद्रणतंत्र आणि दाबयंत्रे महाग असल्यामुळे दीर्घकाळ हे कपाट बहुतांशी एकाच परदेशी कंपनीचे राहिले, आणि भारतातील जॅझचे आरंभीचे मुद्रणही मुख्यतः परदेशी मालकीच्या कंपन्यांनीच केले: १९२६ साली कोलकात्याच्या ग्रँड हॉटेलमधील लक्वीम यांच्या वाद्यवृंदाचे, आणि १९३६ साली मुंबईत क्रिकेट स्मिथ या अमेरिकी ट्रम्पेटवादकाच्या, ताजमहाल हॉटेलात वाजवणाऱ्या वृंदाचे, जे रेक्स या छापाखाली निघाले.

या पार्श्वभूमीवर मुंबईतील नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा ‘यंग इंडिया’ हा छाप विशेष लक्ष देण्याजोगा ठरतो. तो जॅझचा छाप नव्हता, परंतु मराठी मुलखात स्वतंत्रपणे तबकड्या काढण्याचा प्रयत्न किती मोठ्या व्याप्तीचा होऊ शकला याचा तो सबळ पुरावा आहे. १९३५ ते १९५५ या काळात या छापाने दहा हजारांहून अधिक शीर्षके प्रसिद्ध केली; त्यांत चित्रपटगीते, सुगम आणि शास्त्रीय संगीत, लोकसंगीत आणि शैक्षणिक ध्वनिमुद्रणेही होती, आणि गाणारे-वाजवणारे पुष्कळसे हौशी होते. बड्या कंपनीने नामवंतांना करारात बांधून ठेवल्यावर छोट्या कंपनीला उरते ते अनोळखी कलाकारांचे क्षेत्र, आणि म्हणूनच एखाद्या काळाच्या सामान्य संगीतजीवनाची नोंद पुष्कळदा छोट्याच कंपनीकडे सापडते. जॅझच्या बाबतीत अमेरिकेतही हेच घडले, कारण १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या वृंदातील तरुण लुई आर्मस्ट्राँगचे वादन प्रथम मुद्रित केले ते इंडियाना राज्यातील जेनेट या लहान कंपनीने. ‘यंग इंडिया’ बंद पडल्यावर त्याच्या तबकड्या, वेष्टने आणि सूचिपत्रे खाजगी संग्राहकांकडे विखुरली. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेचे सुरेश चांदवणकर यांनी पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील अभिलेखांच्या योजनेखाली ही सामग्री अंकीय रूपात जतन करण्याचे काम हाती घेतले. व्यवसायाने भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या संशोधकाने संग्राहकांच्या घरोघरचे साहित्य एकत्र आणून एका बुडालेल्या कंपनीची सूची नव्याने उभी करावी, ही भारतीय संगीतेतिहासातील मोलाची घटना मानली पाहिजे.

मुंबईच्या जॅझचा मोठा साठा मात्र जॅझच्या तबकड्यांत सापडतच नाही. तो चित्रपटगीतांच्या तबकड्यांत आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि नृत्यगृहांत रात्री जॅझ वाजवत. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर त्या मिळकतीला ओहोटी लागली आणि आधीच सुरू झालेला त्यांचा चित्रपटसृष्टीकडचा ओघ वाढला. हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, आणि पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांच्या सहकार्यातून १९५१ च्या ‘अलबेला’सारख्या चित्रपटाचे संगीत घडले, ज्यात हे वाझ आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावर गायक, गीतकार, संगीतकार आणि चित्रपट यांची नावे छापली जात. वाद्यमेळ रचून त्याचे स्वरलेखन करणाऱ्या संयोजकाचे नाव तेथे बहुधा नसे, आणि ट्रम्पेटवर चार मात्रांची उपज घेणाऱ्याचे तर नसेच. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली त्या सुमारास देशभरच्या नव्या औद्योगिक वसाहतींत रेडिओ सिलोन आणि विविध भारतीवरून हेच संगीत ऐकले जात होते, आणि श्रोत्यांच्या ओठी असलेल्या कित्येक सुरावटींमागचे वादक त्यांना नावानेही ठाऊक नव्हते. हा अन्याय लहान नव्हे.

अपवाद घडले ते उशिरा. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी काढलेल्या ‘रागा-जॅझ स्टाइल’ या दीर्घ तबकडीत रईस खान यांच्या सतारीभोवती मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, लेस्ली गुदिन्हो यांचे ड्रम आणि जॉन परेरा यांचा ट्रम्पेट अशी जुळणी होती, आणि तोडी, मालकंस, भैरवी अशा अकरा रागांवर रचना होत्या. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला. पण तोवर कॅसेट दारात उभी होती, आणि पुढील दशकांत तबकड्या घरांतून निघून चोरबाजारात किलोच्या भावाने जाऊ लागल्या.

त्या बाजारातूनच पुनर्प्रकाशनाची, म्हणजे दुर्मीळ मुद्रण शोधून, स्वच्छ करून आणि टिपणांसह नव्याने प्रसिद्ध करण्याची, छोटी चळवळ उभी राहिली. बॉम्बे कनेक्शन या डच छापाने १९७०-८० च्या हिंदी चित्रपटांतील फंक संगीताचे संकलन काढले, आणि मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची १९८२ सालची, त्या वेळी फारशी न खपलेली तबकडी २०१० मध्ये पुन्हा बाजारात आणल्यावर त्यांना उतारवयात जगभर श्रोते मिळाले. नरेश फर्नांडिस यांच्या मुंबईच्या जॅझवरील ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी ग्रंथाबरोबरही जुन्या ध्वनिमुद्रणांची चकती होती. अशा कामात धातुठसे हाती नसल्याने तबकडीच्या उपलब्ध प्रतींतून कमीत कमी झिजलेली निवडावी लागते, खाचेच्या रुंदीला जुळणारी सुई लावावी लागते, वेग पारखून घ्यावा लागतो, आणि कागदाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेल्या मुद्रणक्रमांकावरून मुद्रणाचा काळ ठरवावा लागतो. खरखर किती काढावी याचा विवेक यात सर्वांत अवघड, कारण खरखरीबरोबर झांजेचा निनादही जातो. मात्र पुनर्प्रकाशनाची खरी किंमत टिपणांत आहे: कोणी वाजवले, कोणी रचले, कोठे मुद्रित केले, हे पडताळून लिहिलेले नसेल तर जुनी विस्मृतीच नव्या वेष्टनात विकली जाते.

कायद्याची बाजूही दुपदरी आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे ‘अलबेला’च्या काळातील तबकड्यांवरचा तो हक्क संपलेला आहे, संगीतरचनेवरील हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, आणि सी. रामचंद्र १९८२ साली निवर्तल्यामुळे त्यांच्या चालींपुरता तो २०४२ च्या अखेरीपर्यंत चालेल. म्हणजे छोट्या प्रकाशकाला जुनी तबकडी मोकळी असली तरी तीवरील चालीसाठी हक्कधारकांची परवानगी आणि मानधन लागते, तर ज्याची उपज त्या चालीत मिसळलेली आहे त्या वादकाच्या वारसांचा या हिशेबात बहुधा उल्लेखही येत नाही.