झऱ्यांची रेघ

कॉवर्ड स्प्रिंग्जच्या कँपसाइटवर पोचलो तेव्हा गाडीत, दातांत आणि पोह्यांच्या डब्यात एकाच रंगाची लाल धूळ होती. इथे वर्षाला पाऊस पडतो जेमतेम दीडशे मिलिमीटर. आणि समोर रेल्वेच्या जुन्या स्लीपरांनी बांधलेला हौद, त्यात जमिनीखालून आपसूक वर येणारं कोमट पाणी. तंबू ठोकायचे सोडून आम्ही चौघं आधी त्यात जाऊन बसलो.

दक्षिण ऑस्ट्रेलियातला हा ऊडनाडट्टा ट्रॅक. मरी या गावापासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटर कच्चा रस्ता. (मरी हे नाव ऐकून मला मरीआईच आठवली. उन्हाळ्यातला तिथला पारा पाहिला तर फार चुकीचं नाही. याच रस्त्यावरच्या ऊडनाडट्टात २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलंय.) निघण्यापूर्वी नकाशा बघताना मला एकच कोडं पडलं होतं. सगळं सपाट माळरान, ना डोंगर ना मोठं शहर, मग रस्ता सरळ उत्तरेला न जाता वायव्येकडे असा वळणं घेत का जातो?

त्याचं उत्तर त्या हौदात होतं. ऑस्ट्रेलियाच्या पोटात ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा भूजलाचा साठा आहे, सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरचा. म्हणजे अख्ख्या भारताच्या निम्म्याहून जास्त. पूर्वेकडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस वालुकाश्मात मुरतो आणि वर्षाला काही मीटर इतक्या संथपणे पश्चिमेला सरकत राहतो. वर अभेद्य थर असल्यामुळे पाणी दाबाखाली असतं. साठ्याच्या काठाशी थर पातळ होतात, भेगा पडतात, तिथे ते उसळून वर येतं. त्यातले क्षार साचून झऱ्याभोवती टेकाड तयार होतं. अशा झऱ्यांची एक वाकडी रांगच आहे, आणि रस्ता त्या रांगेवरून जातो.

ही रांग पहिल्यांदा ज्यांनी पायाखाली घातली ते इथले मूळ रहिवासी. दक्षिणेच्या फ्लिंडर्स डोंगरातला तांबडा गेरू या झऱ्यांच्या आधाराने दूरवर जायचा. ट्रॅकचा मोठा भाग अरबाना लोकांच्या भूमीतून जातो. कॉवर्ड स्प्रिंग्जजवळच 'बबलर' नावाचा झरा आहे. त्याच्या तळातून वाळूचा फुगा वर येतो, फुटतो, पुन्हा येतो. अरबाना कथेप्रमाणे ती मारल्या गेलेल्या महासर्पाची तडफड आहे, आणि शेजारचा ब्लांच कप ही त्याला भाजण्याची भट्टी. पाण्याची जागा विसरणं जिथे परवडत नाही, तिथे ती अशा गोष्टीत बांधून ठेवली तर पोरंसोरंसुद्धा विसरत नाहीत.

गोऱ्यांच्या नोंदींत मात्र हे झरे 'सापडले' ते १८५८-५९च्या सुमारास. कॉवर्ड हा कुणी भित्रा नव्हे, वॉरबर्टनच्या तुकडीतल्या एका शिपायाचं ते आडनाव. वॉरबर्टन तेव्हा वसाहतीचा पोलीसप्रमुख होता आणि त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत. पाठोपाठ जॉन मॅकडूअल स्टुअर्ट आला. झऱ्याझऱ्याने पुढे सरकत, अनेकदा माघार घेत, १८६२ साली त्याने उत्तरेचा समुद्र गाठला. तोवर झऱ्यांवर राणीच्या सरदारांची आणि गव्हर्नरांच्या बायकांची नावं चढली होती.

स्टुअर्टच्या वाटेवरून १८७०-७२ मध्ये तारेची लाइन गेली, पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, सुमारे ३२०० किलोमीटर. स्ट्रँगवेज स्प्रिंग्जला तिच्या एका ठाण्याचे दगडी अवशेष आहेत. नेटवर्किंगमध्ये काम करणाऱ्या माणसाला तिथून लवकर निघवत नाही. लांब तारेत सिग्नल क्षीण होत जातो, म्हणून ठराविक अंतरावर ठाणी, आणि ठाण्यात बसलेला माणूस आलेला संदेश ऐकून, लिहून पुढच्या तारेवर पुन्हा वाजवणार. जिवंत रिपीटर! त्या माणसाला प्यायला पाणी हवं, म्हणून ठाणं झऱ्याजवळ. ॲडलेडचा संदेश डार्विनहून समुद्राखालून जावाला, तिथून सिंगापूर, पेनांग, मद्रास, मग जमिनीवरून मुंबई आणि पुन्हा समुद्राखालून एडनमार्गे लंडनला. पूर्वी बोटीने जायला महिने लागायचे त्या बातमीला आता काही तास पुरायचे. लोकरीचे भाव या ओसाड भिंतींतून मुंबईकडे जायचे. माझ्या फोनला मात्र त्या दिवशी एकही दांडी नव्हती.

तारेचं, आणि नंतर रुळांचं, सामान वाहिलं उंटांनी. १८६० साली बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी २४ उंट आले ते कराचीहून. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. १८६६पासून ते मोठ्या संख्येने येऊ लागले, आणि सोबत उंटवाले. पुढच्या सहा दशकांत सुमारे दोन हजार माणसं आली: बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी. गोऱ्यांच्या लेखी सगळे 'अफगाण'. तीनेक वर्षांचा करार, बायकोला आणायची सोय नाही. मरीत रुळांच्या एका बाजूला गोरी वस्ती, पलीकडे उंटवाले आणि आदिवासी. उंटवाल्यांच्या बाजूला खजुराची झाडं आणि मातीची छोटी मशीद. आज तिथे तिची प्रतिकृती उभी आहे.

त्यांच्यातला बेजा दरवेश मूळचा बलुचिस्तानचा, हिंदी फौजेत राहून आलेला. १८९६च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत दोन गोरे तहानेने मेले. मोहिमेचा प्रमुख लॉरेन्स वेल्सने नंतर कृतज्ञता म्हणून आपलं होकायंत्र बेजाला दिलं. पण १९०१ साली नवा देश झाला आणि पहिल्याच वर्षी परदेशी माणसासाठी कायदा आला: अधिकारी निवडेल त्या युरोपीय भाषेतले ५० शब्द ऐकून लिहून दाखवा. इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा निवडायची. उंटवाल्याला गावी जाऊन परत यायचं तर या परीक्षेतून सूट देणारा कागद लागायचा. त्यावर फोटो आणि शाईतला पंजा. हे पंजे अभिलेखागारात अजून आहेत. मी इथे तीन वर्षांच्या व्हिसावर आहे. बोटांचे ठसे मीही दिलेत, एसीमध्ये, काचेवर बोटं ठेवून, कुणी तरी 'थँक्यू' म्हणालं. तुलना ताणायची नाही. पण ते पंजे मी फोनवर झूम करून बराच वेळ पाहिले.

रेल्वे मरीला १८८४ला आली, ऊडनाडट्टाला १८९१ला, ॲलिस स्प्रिंग्जला १९२९ला. उंटांनी वाहिलेल्या रुळांनी उंटांचंच काम संपवलं. १९२५मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने बेवारस उंट मारायची मुभा देणारा कायदा केला. अनेकांनी गोळी घालण्याऐवजी आपले उंट वाळवंटात सोडून दिले. या गाडीला लोक 'घान' म्हणू लागले, अफगाणमधला शेवटचा भाग. आजच्या महागड्या पर्यटक गाडीवरही उंटावर बसलेल्या माणसाचं चित्र असतं.

वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, म्हणून रूळही झऱ्यांच्याच रांगेने टाकले. ती जागा सखल, त्यामुळे पूर आला की रूळ वाहून जायचे आणि गाडी कित्येक दिवस अडकून पडायची. डिझेल इंजिनं आली आणि गाडीची तहानच संपली. १९८०मध्ये नवा मार्ग पश्चिमेला, पूर न येणाऱ्या जमिनीवरून गेला आणि हा मार्ग बंद झाला. अल्जेबकिनाचा ५७८ मीटरचा लोखंडी पूल अजून उभा आहे. त्याच्या सावलीत आमची दुसरी रात्र गेली. खिचडी लागली होती, तरी संपली.

झऱ्यांना मात्र गिऱ्हाईक कमी झालं नाही. गुरांसाठी खणलेल्या विंधणविहिरींतून शंभरेक वर्षं पाणी नुसतं वाहू दिलं गेलं. दाब कमी होऊन कितीतरी झरे आटले. आता त्या विहिरींना तोट्या बसवतात. दक्षिणेकडची ऑलिम्पिक डॅमची खाण याच साठ्यातून रोज कोट्यवधी लिटर पाणी उपसते. अरबाना लोकांचा या भूमीवरचा हक्क न्यायालयाने २०१२ साली मान्य केला. झऱ्यांच्या घटत्या प्रवाहाबद्दल ते सतत बोलत आलेत.

मार्लाला डांबरी रस्ता लागला. त्याचं नाव स्टुअर्ट हायवे. फोनला रेंज आली, आणि मी पहिल्यांदा बबलरचा व्हिडिओ आईला पाठवला. तिने विचारलं, "पितात का रे ते पाणी?"