कोची : पाटीवरची नावं आणि पाटीमागची माणसं

एरवी मी तुम्हाला एखाद्या लढाईत नाहीतर तहाच्या बैठकीत नेऊन बसवते. आज मी माझ्या सुट्टीबद्दल बोलणार आहे. अर्थात सुट्टीतही इतिहास आपली पाठ सोडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

गेल्या हिवाळ्यात मी चार दिवस कोचीला गेले, एकटी. बडोद्याला घरी सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "एकटी कशाला?" कारण साधं आहे. मला पाट्या वाचायला वेळ लागतो. बरोबरचं माणूस दहाव्या मिनिटाला "चला" म्हणतं, आणि माझी अजून पहिलीच ओळ चाललेली असते. शिवाय एकट्या माणसाशी लोक बोलतात. चारजणांच्या घोळक्याशी कुणी बोलत नाही.

एर्नाकुलमच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीला जाणारी बोट पकडली. वाटेत विलिंग्डन बेट लागतं. बंदराचा गाळ उपसून, त्याची भर घालून विसाव्या शतकात हे बेट केलं. पण बंदर मुळात झालं कसं? १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, उत्तरेकडचं जुनं बंदर गाळानं भरलं आणि इथे कोचीपाशी समुद्राला नवं तोंड फुटलं, असं मानतात. म्हणजे या शहराला ना कोणा राजानं वसवलं, ना गोऱ्या व्यापाऱ्यानं. पुरानं वसवलं.

बोटीतून उतरलं की समोर ती प्रसिद्ध जाळी. पर्यटक त्यांना 'चायनीज नेट्स' म्हणतात, मल्याळममध्ये 'चीनवला'. लांब वाशांना बांधलेलं झोळीसारखं जाळं, मागच्या बाजूला दोरांना टांगलेले धोंडे. चार-पाच माणसं दोर ओढतात, धोंड्यांच्या वजनानं जाळं वर येतं. कोणी म्हणतं चिनी सेनापती झेंग ही याच्या ताफ्याबरोबर ती आली, कोणी म्हणतं पोर्तुगीजांनी मकाऊहून आणली. ओढणाऱ्यांना याचं काही पडलेलं नाही. मी अर्धा तास उभी होते. चार खेपांत मूठभर मासळी निघाली.

तिथून चालत सेंट फ्रान्सिस चर्च. आत जमिनीवर एक दगड, भोवती कठडा, आणि त्याभोवती कायम गर्दी : वास्को द गामाची कबर. गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला आणि इथेच पुरला गेला. पण पुढे चौदा-पंधरा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. गेली जवळजवळ पाचशे वर्षं ही कबर रिकामी आहे. लोक रिकाम्या दगडाचे फोटो काढतात. मीही काढला.

दुसऱ्या दिवशी मट्टनचेरी. तिथल्या राजवाड्याला सगळे 'डच पॅलेस' म्हणतात. तो बांधला पोर्तुगीजांनी, १५५५च्या सुमारास, आणि कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी १६६३ साली कोची घेतल्यावर त्याची डागडुजी केली, आणि नाव त्यांचं लागलं! आतल्या भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत, ती रंगवणाऱ्यांचं नाव मात्र कुठे नाही. आपल्याकडेही वाड्याला नाव असतं ते सरदाराचं, गवंड्याचं नाही. तेव्हा कोचीलाच बोल लावायला नको. पण तिसऱ्या ठिकाणीही हेच दिसलं तेव्हा मी वही उघडली.

वाड्यामागच्याच गल्लीत ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, परदेसी सिनेगॉग, १५६८ सालचं. चपला बाहेर काढायच्या, शनिवारी पाहुण्यांना प्रवेश नाही. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, प्रत्येक हातानं रंगवलेली. आपल्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएली, ज्यांना गावात 'शनवार तेली' म्हणत, त्यांना धर्मविधी शिकवायला एकोणिसाव्या शतकात कोचीहून शिक्षक आले होते.

फरशा सगळे बघतात. मी दाराजवळची बाहेरची खोली बघत होते. कारण याच समाजात वरचे-खालचे होते. मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना आत बरोबरीनं बसायला मिळत नसे, धर्मग्रंथ वाचायचा मान नसे. त्यांच्यातच १८८२ साली अब्राहम बराक सालेम जन्मले. वकील झाले, काँग्रेसच्या चळवळीत उतरले, आणि त्यांनी गांधीजींचा सत्याग्रह थेट प्रार्थनास्थळात आणला. बंधनं हळूहळू सैल झाली. लोक त्यांना 'ज्यू गांधी' म्हणत. गंमत पाहा, बरोबरी मिळेपर्यंत समाजच पांगायला लागला. इस्राएल झालं, लोक तिकडे गेले, आणि आज कोचीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ज्यू उरलेत. सालेम १९६७ साली कोचीतच वारले. गल्लीत आज मसाल्यांची आणि जुन्या वस्तूंची दुकानं आहेत.

आता ज्यासाठी मी खरी गेले होते तिकडे वळू. मट्टनचेरीतच चेरलाई म्हणून भाग आहे. तिथे तिरुमला देवस्वम हे वेंकटेशाचं मोठं देऊळ आणि भोवती कोकणी बोलणाऱ्या गौड सारस्वतांची वस्ती. १५६०मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसलं आणि त्या छळापासून पळालेली अनेक कुटुंबं दक्षिणेला उतरत इथवर आली. मी पापड-लोणच्याच्या एका दुकानात शिरले. मालक आजोबांना मराठीत विचारलं, त्यांनी कोकणीत उत्तर दिलं. निम्मं कळलं, निम्मं मल्याळममध्ये बुडालं. पण त्यात 'खंय' हा शब्द आला आणि मला मालवणची माझी आजी आठवली. चारशे वर्षं परमुलखात राहूनही तो शब्द शाबूत होता.

याच समाजातल्या तीन वैद्यांनी एक गोष्ट करून ठेवली आहे. रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट. हेन्ड्रिक व्हान रीडे हा डच अधिकारी १६७०च्या दशकात मलबारचा कारभार पाहत होता. मलबार किती मोलाचा मुलूख आहे हे कंपनीला पटवायचं आणि शिपायांसाठी इथलीच औषधं मिळवायची, म्हणून त्यानं इथल्या वनस्पतींचा ग्रंथ करायला घेतला : 'हॉर्टस मलबारिकस', म्हणजे मलबारची बाग. लॅटिनमध्ये, बारा खंड, अमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ दरम्यान छापलेले, सातशेहून जास्त वनस्पती आणि प्रत्येकीचं मोठं चित्र.

आता या ग्रंथाचा पहिला खंड जगातल्या ग्रंथालयांनी स्कॅन करून ठेवलाय, घरबसल्या बघता येतो. सुरुवातीची पानं उलटली की लॅटिन मजकुराच्या मधोमध अचानक आपली अक्षरं दिसतात. नागरी! या तीन वैद्यांचं कोकणीतलं प्रमाणपत्र, तारीख २० एप्रिल १६७५. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ बसून आपण माहिती दिली, असं ते सांगतात. नागरी अक्षरं छापलेल्या सर्वांत जुन्या पुस्तकांपैकी हे एक. अक्षरं खिळ्यांनी जुळवलेली नाहीत, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आहेत. तो काळ डोळ्यांसमोर आणा : रायगडावर राज्याभिषेक होऊन वर्ष व्हायचं होतं, आणि त्याच उन्हाळ्यात शिवाजी महाराजांनी फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता.

इथे आपली छाती फुगते. माझीही फुगली. पण त्याच खंडात आणखी एक प्रमाणपत्र आहे, जुन्या मल्याळम लिपीतलं, आणि ते वाचल्यावर छाती जरा खाली येते. ते इट्टी अच्चुदनचं आहे, चेर्तलाजवळच्या कडक्करप्पळ्ळी गावच्या वैद्याचं. तो ईळव समाजातला. ताडी काढणं, झाडावर चढणं, शेती आणि वैदू हे त्या समाजाचे व्यवसाय. भटांकडे निघंटू होता, ग्रंथ होते. अच्चुदनकडे घराण्यात चालत आलेली ताडपत्रं होती, आणि रान माहीत होतं. कोणतं झाड कुठे उगवतं, पाला केव्हा तोडायचा, कोणत्या दुखण्यावर किती द्यायचा. त्यानं मल्याळममध्ये सांगायचं, दुभाष्या मनुएल कार्नेरोनं ते पोर्तुगीजमध्ये करायचं, आणि तिथून ते लॅटिनकडे जायचं. ग्रंथातला किती भाग कुणाचा यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण वनस्पतींची मुख्य नावं मल्याळम आहेत, एवढं तर कुणीही पान उघडून पाहावं. वेलदोड्याचं शास्त्रीय नाव 'एलेटारिया' हे त्यातल्याच 'एलेट्टरी'वरून आलं. लिनियसनं अठराव्या शतकात वनस्पतींना नावं दिली तेव्हा हा ग्रंथ त्याच्या हाताशी होता.

अच्चुदनचं गाव पुढे त्रावणकोर संस्थानात गेलं. तिथे ईळवांना देवळात जायची मोकळीक मिळाली ती १९३६ साली. ज्याचं ज्ञान १६७८ सालीच अमस्टरडॅमला पोचलं, त्याच्या वंशजांना गावच्या देवळाची पायरी चढायला आणखी अडीचशे वर्षं लागली. आणि ग्रंथ लॅटिनमध्ये, म्हणजे तो सांगणाऱ्यांच्या घरी तो कुणाला वाचताच येत नव्हता. प्रा. के. एस. मणिलाल यांनी काही दशकं त्यापायी घालवली. एकेक वनस्पती पुन्हा शोधली, लॅटिन शिकून घेतलं. इंग्रजी भाषांतर २००३ साली निघालं, मल्याळम २००८ साली. सव्वातीनशे वर्षांनी ग्रंथ घरी आला. मणिलाल १ जानेवारी २०२५ रोजी गेले. मराठीत अजून हा ग्रंथ नाही, आणि मला वाटतं ते आपल्याला शोभत नाही.

परत आल्यावर मला एक गोष्ट टोचत राहिली. व्हान रीडे १६९१ साली समुद्रावर वारला, मुंबईच्या जवळपास, आणि त्याला पुरलं सुरतेत. म्हणजे माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर! इतकी वर्षं बडोद्यात राहून मी तिथे गेले नव्हते. एका रविवारी सकाळची गाडी धरली. कतारगामला डच कबरस्तान आहे, चारी बाजूंनी वस्ती, आणि मधे घुमटाची भलीमोठी इमारत, एखाद्या नवाबाची वाटावी अशी. पुरातत्त्व खात्यानं ती जपली आहे. मी आत जाऊन बसले, फोनवर ते नागरी पान उघडलं आणि तिन्ही नावं मोठ्यानं वाचली, मग चौथं. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा चेंडू घुमटाच्या पायरीवर आला आणि एक पोरगा "काकी, बॉल आपो ने" म्हणाला, तो दिला.

पुढच्या भागात सुरतेतच थांबू. त्याच परिसरात आर्मेनियन व्यापाऱ्यांच्याही कबरी आहेत, त्यांच्याकडे जाऊ. नमस्कार.