वादळाची नोंदवही

इ. स. १८५३ मध्ये कलकत्त्याहून भारताचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यास उद्देशून एक पत्र लिहिले गेले. पत्राचा लेखक हेन्री पिडिंग्टन हा एके काळी व्यापारी जहाजावर कप्तान होता. हुगळी नदी गाळाने भरून जाईल व कलकत्त्याचे बंदर निकामी होईल, ह्या भीतीने सुंदरबनात मातला नदीच्या काठी नवे बंदर वसविण्याचा विचार त्या वेळी चालू होता. पिडिंग्टनने बजावले, की ही जागा समुद्राच्या तोंडाशी आहे. आज ना उद्या चक्रीवादळ येईल, त्याच्याबरोबर समुद्राची लाट आत घुसेल आणि सारी वसाहत पाण्याखाली जाईल. पत्राने बंदराचे काम थांबले नाही. धक्के बांधले गेले, रेल्वे आली, आणि बंदराला लॉर्ड कॅनिंगचे नाव देण्यात आले. १८६७ च्या नोव्हेंबरमध्ये वादळ आले. लाट फार उंच नव्हती, सुमारे सहा फूट. परंतु तेवढीच पुरली. पुढे थोड्याच वर्षांत ते बंदर सोडून द्यावे लागले. आपला इशारा खरा ठरलेला पाहण्यास पिडिंग्टन मात्र हयात नव्हता. १८५८ सालीच त्याचे निधन झाले होते.

पिडिंग्टनपाशी कोणतीही दैवी दृष्टी नव्हती. त्याच्यापाशी होत्या त्या जहाजांच्या रोजनिशा. बंगालच्या उपसागरात वादळात सापडून वाचलेल्या जहाजांनी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या दिशेचा वारा अनुभवला व वायुभारमापक किती खाली गेला, ह्याच्या नोंदी तो वर्षानुवर्षे गोळा करीत राहिला. त्या एकत्र मांडल्यावर त्यास दिसले, की हे वारे सरळ धावत नाहीत, ते एका केंद्राभोवती फिरतात. सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने ह्या वादळास ‘सायक्लोन’ असे नाव दिले. १८४८ साली त्याने खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून ते जगभर गेले. आज सर्व जग जो शब्द वापरते, तो कलकत्त्यात घडला.

परंतु एका माणसाच्या टेबलावरील नोंदींनी राज्यकारभार हलत नाही. तो हलविण्यास संकटे यावी लागतात. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर वादळ आले. हुगळीतील बहुतेक जहाजांचे नांगर तुटले, ती एकमेकांवर आदळली, आणि समुद्राच्या लाटेने नदीकाठची गावेच्या गावे धुऊन नेली. सुमारे पन्नास हजार माणसे मृत्युमुखी पडली. पाठोपाठ १८६६ साली ओरिसात भयंकर दुष्काळ पडला. अति पाणी व अल्प पाणी ह्या दोन्ही आपत्तींचा प्रदेश एकच होता, आणि दोन्हींची पूर्वसूचना देणारी यंत्रणा कोठेच नव्हती. अखेर १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली व हेन्री ब्लॅनफर्ड ह्याची त्यावर नेमणूक झाली. दुसऱ्याच वर्षी, १८७६ च्या ऑक्टोबरअखेर, मेघना नदीच्या मुखाशी बाकरगंजचे वादळ झाले. त्यात सुमारे एक लाख माणसे बुडाली आणि जवळजवळ तितकीच त्यानंतरच्या रोगराईने गेली. त्याच सुमारास दख्खन व मद्रास इलाख्यात पावसाने दगा दिला आणि १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ ओढवला.

ह्या दुष्काळाने ब्लॅनफर्डपुढे जो प्रश्न टाकला, त्याचे महत्त्व हवामानशास्त्राच्या इतिहासात फार मोठे आहे. पाऊस का येतो, हे सांगणे एक. तो एखाद्या वर्षी का येत नाही, हे सांगणे दुसरे. ब्लॅनफर्डची दृष्टी उत्तरेकडे, हिमालयाकडे वळली. ज्या वर्षी हिमालयावर बर्फ अधिक पडते व उशिरापर्यंत टिकते, त्या वर्षी मैदानावर कोरडे वारे वाहतात व पाऊस कमी होतो, असे मत त्याने १८८४ साली मांडले. १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज रीतसर प्रसिद्ध होऊ लागले. बर्फ कोठे, सोलापूरच्या शेतकऱ्याची ज्वारी कोठे! पण ह्या दोहोंमध्ये धागा असू शकतो, हा विचार त्या क्षणापासून शास्त्राचा भाग झाला.

१८९९ साली हे अंदाज सपशेल चुकले आणि पुन्हा दुष्काळ पडला. १९०४ मध्ये खात्याची सूत्रे हाती घेणारा गिल्बर्ट वॉकर हा मुळात केंब्रिजचा गणिती होता. एकट्या हिमालयाकडे पाहून भागणार नाही, सारे जगच तपासले पाहिजे, असे त्याने ठरविले. खात्यातील भारतीय गणनिकांच्या साहाय्याने त्याने जगभरातील केंद्रांचे वायुभार, तापमान व पर्जन्य ह्यांचे आकडे परस्परांशी ताडून पाहिले. ही आकडेमोड हाताने, कागदावर, वर्षानुवर्षे चालली होती. तीतून एक विलक्षण गोष्ट निघाली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो, जणू एखाद्या प्रचंड तराजूची दोन पारडी. वॉकरने ह्या हेलकाव्यास ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. त्या काळी अनेकांना ही आकड्यांची किमया वाटली. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस ह्या शास्त्रज्ञाने ह्या आंदोलनाचा संबंध पेरूच्या किनाऱ्यापासून पसरणाऱ्या ‘एल् निन्यो’ ह्या उष्ण पाण्याशी जोडून दाखविला, तेव्हा वॉकरच्या तराजूमागील हात समुद्राचा आहे, हे स्पष्ट झाले.

ह्या सर्व शोधांचा पाया एकच होता : न चुकता केलेली नोंद. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी आहे. अपोलो बंदरावर समुद्राची पातळी मोजणारे भरतीमापक यंत्र १८७८ पासून कार्य करू लागले. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. ते १९४४ मध्ये दिल्लीस गेले, तरी पुण्यातील त्या इमारतीस लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखत राहिले. पुण्यातच १९४८ पासून अन्ना मणी ह्यांनी हवामानाची उपकरणे देशातच अचूक बनावीत म्हणून परिश्रम घेतले. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्याहून वाईट, असा त्यांचा कटाक्ष होता. रोज ठरलेल्या वेळी पाऱ्याची पातळी वाचून वहीत आकडा लिहिणाऱ्या शेकडो निरीक्षकांची नावे इतिहासात नाहीत. परंतु त्यांचे आकडे आहेत, आणि पुढे जे उघडकीस आले ते त्याच आकड्यांनी.

जे उघडकीस आले, त्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातच करण्यात आली होती. १८९६ साली स्वीडनमधील स्वांटे अर्‌हेनियस ह्याने गणित करून दाखविले, की कोळशाच्या ज्वलनातून निघणारा कर्बाम्ल वायू, म्हणजेच कार्बन डाय-ऑक्साइड, हवेत वाढत गेला तर पृथ्वी तापेल, आणि ध्रुवांकडील प्रदेश विषुववृत्तापेक्षा अधिक तापतील. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर ह्या वाफेच्या यंत्रांवर काम करणाऱ्या इंग्रज अभियंत्याने जगभरातील तापमानाच्या नोंदी जुळवून पृथ्वी प्रत्यक्षातच तापू लागल्याचे सांगितले. त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग ह्याने हवाई बेटांतील माउना लोआ पर्वतावर हवेतील ह्या वायूचे प्रमाण अखंड मोजण्यास आरंभ केला. त्या वेळी दहा लक्ष भागांत ते सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पलीकडे गेले आहे. दक्षिण ध्रुवखंडाच्या बर्फात खोलवर भोके पाडून काढलेल्या बर्फाच्या स्तंभांत प्राचीन काळच्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. ते तपासता, गेल्या आठ लक्ष वर्षांत हे प्रमाण कधीही इतके चढले नव्हते, असे आढळले. मानवाने नोंदवही उघडण्यापूर्वीची पाने निसर्गाने बर्फात जपून ठेवली होती.

ह्या अधिक उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा समुद्राने आपल्या पोटात घेतला आहे. जमिनीवर राहणाऱ्या माणसावर समुद्राचा हा केवढा उपकार! परंतु हा उपकार फुकट मिळालेला नाही. तापलेले पाणी प्रसरण पावते, आणि पातळी वाढते. १९६० च्या सुमारास अनेक राष्ट्रांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराचे सर्वेक्षण केले. त्यातूनच १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली व गोवा हे तिचे घर झाले. जुन्या आणि नव्या नोंदी जोडून पाहता, १९५१ ते २०१५ ह्या काळात हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातील पृष्ठभाग सुमारे एक अंशाने तापला, असे दिसून आले. जगातील समुद्रांच्या सरासरीपेक्षा हे प्रमाण अधिक आहे. १९९३ नंतर उत्तर हिंदी महासागराची पातळी दर वर्षी सुमारे तीन मिलिमीटरने चढत आली आहे. पूर्वीच्या शंभर वर्षांत हा वेग साधारण निम्म्याहून अधिक नव्हता.

ध्रुवांची कथाही भारताला परकी राहिलेली नाही. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघालेले पहिले भारतीय पथक डॉ. सय्यद जहूर कासीम ह्यांच्या नेतृत्वाखाली ९ जानेवारी १९८२ रोजी दक्षिण ध्रुवखंडावर उतरले. तेथील ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले ठाणे पुढे बर्फात गाडले गेले. त्यानंतर ‘मैत्री’ व ‘भारती’ ही ठाणी झाली, आणि २००८ साली उत्तर ध्रुववृत्तात ‘हिमाद्री’ उघडले. तेथील नोंदी अर्‌हेनियसच्या गणितास दुजोरा देतात. उत्तर ध्रुवप्रदेश उर्वरित जगाच्या कित्येक पटींनी वेगाने तापत आहे. शुभ्र बर्फ सूर्यकिरण परतवून लावते. ते वितळले की काळे पाणी उघडे पडते आणि तेच किरण शोषून घेते. वितळण्यातूनच आणखी वितळणे जन्मास येते. काठोकाठ भरलेल्या पेल्यात तरंगणारा बर्फाचा खडा विरघळला तर पाणी सांडत नाही, तद्वत समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाने पातळी फारशी वाढत नाही; परंतु ग्रीनलंड आणि दक्षिण ध्रुवखंड येथील बर्फ जमिनीवर आहे. ते जेव्हा समुद्रात उतरते, तेव्हा त्या पाण्याचा हिशोब अपोलो बंदरावरील भरतीमापकालाही द्यावा लागतो.

आणि मग वादळे. चक्रीवादळ हे समुद्राच्या उष्णतेवर पोसले जाते. पाणी सुमारे सव्वीस-सत्तावीस अंशांहून अधिक तापलेले असेल तरच ते बाळसे धरते. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. म्हणून पाऊस कोसळतो तोही अधिक जोराने. वादळांची संख्या सर्वत्र वाढली आहे असे मात्र नाही. बंगालच्या उपसागरात ती वाढलेली नाही. बदल आहे तो त्यांच्या बळात, त्यांच्या वेगाने फोफावण्यात, आणि अरबी समुद्राच्या स्वभावात. हा समुद्र पूर्वी त्या मानाने शांत समजला जाई. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून कोळी होड्या लोटीत, कारण पावसाळ्याचा कोप त्यानंतर ओसरलेला असे. त्या पंचांगाला शतकांच्या अनुभवाचा आधार होता. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ‘ओखी’ वादळ इतक्या त्वरेने तयार झाले, की केरळ व तमिळनाडूच्या कित्येक नौका त्याआधीच समुद्रात गेलेल्या होत्या. शेकडो मच्छीमार परत आले नाहीत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावणारा माणूस नातवासाठी लावतो. त्या बागांचे नुकसान एका वर्षाच्या पिकाचे नव्हते.

येथे ह्या इतिहासातील खरी अडचण दिसते. पिडिंग्टनपासून वॉकरपर्यंत सर्वांचा आधार एकच होता : जे पूर्वी घडले, त्यावरून पुढे काय घडेल ते सांगता येते. धरणाची भिंत, पुलाची उंची, पेरणीचा मुहूर्त, होडी लोटण्याचा दिवस, सारे ह्याच विश्वासावर ठरले. समुद्रच बदलला तर जुने माप तोकडे पडते. ब्लॅनफर्डने हेरलेला बर्फाचा व पावसाचा संबंधही पुढील काळात सैल पडलेला आढळला. १९९७ साली एल् निन्यो अतिशय प्रबळ असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. मात्र ह्यावरून नोंदवही निरुपयोगी ठरली असे म्हणणे चुकीचे होईल. माप तोकडे पडले, हे तरी त्या नोंदवहीवाचून कसे कळले असते?

शिवाय इशाऱ्याचे मोल ह्याच काळात सिद्ध झाले. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसावर आलेल्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ हे तसेच भीषण वादळ आले; परंतु ह्या वेळी अंदाज आधी आला, लोकांनी तो मानला, आणि सुमारे दहा लाख माणसांना वेळेवर हलविण्यात आले. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वादळ तेच होते. मधल्या चौदा वर्षांत ऐकण्याची सवय लागली होती.

मातला नदी अद्याप वाहते आहे. २००९ साली ‘आयला’ आणि २०२० साली ‘अम्फान’ ह्या वादळांनी सुंदरबनातील मातीचे बांध फोडले, आणि खारे पाणी शिरलेल्या शेतांत भाताचे पीक घेणे अवघड झाले. जवळचे घोरामारा बेट वर्षानुवर्षे समुद्रात झिजत आहे. दोन-चार दिवसांनी येणाऱ्या वादळाचा इशारा ऐकण्यास भारतातील माणूस शिकला. माउना लोआवरील आकडे, ध्रुवांवरील बर्फ आणि अपोलो बंदरावरील भरतीमापक जो इशारा देत आहेत, तो दोन-चार दिवसांचा नसून पिढ्यांचा आहे. १८५३ च्या पत्रापेक्षा तो कितीतरी अधिक पुराव्यानिशी लिहिलेला आहे, आणि ह्या वेळी तो कोणा एका गव्हर्नर-जनरलच्या नावे नाही.