अट आणि शिस्त : कमला भागवत यांचे बंगळूरमधील शिष्यत्व

भारतीय परंपरेतील गुरुशिष्यकथांत नकाराला बहुधा परीक्षेचे रूप येते. गुरू नाकारतो, शिष्य टिकून राहतो आणि अखेरीस त्याची योग्यता सिद्ध होते. आधुनिक शास्त्रज्ञांची चरित्रेही याच साच्यात लिहिली गेली, की अध्यापकाच्या वर्तनाचा विद्यार्थ्याच्या प्रेरणेशी असलेला संबंध झाकला जातो. दुर्गा भागवत यांच्या भगिनी कमला भागवत, म्हणजेच नंतरच्या कमला सोहोनी, यांचे शिक्षण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची विज्ञान पदवी मिळवून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. वडील आणि काका याच संस्थेचे माजी विद्यार्थी होते. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मात्र त्या स्त्री आहेत या कारणास्तव प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग पत्करला, तेव्हा सशर्त प्रवेश मिळाला. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी नसतील, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करतील आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होऊ देणार नाहीत, अशा त्या अटी होत्या.

त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हेही कठोर शिस्तीचे होते. परंतु होतकरू विद्यार्थ्यांना ज्ञान देण्यास ते उत्सुक असत. दोघांच्या काठिण्यातील भेद येथेच स्पष्ट होतो. रामन यांच्या अटींचा रोख विद्यार्थिनीच्या अस्तित्वावर होता, श्रीनिवासय्यांच्या शिस्तीचा रोख तिच्या कामावर. पहिल्यात संशय होता, दुसऱ्यात विश्वास. दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवरील संशोधन या दुसऱ्या संबंधातून आकारास आले. १९३६ साली त्यांना एम.एस्सी. आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.

वर्षभरानंतर रामन यांचे समाधान झाले आणि स्त्रियांसाठी संस्थेचे दार उघडले. तथापि, नकारामुळे प्रेरणा निर्माण झाली, असा निष्कर्ष काढता येत नाही. ती घरातील विज्ञाननिष्ठ वातावरणात आधीच रुजली होती. कमलाबाईंनीही त्या वागणुकीला परीक्षा मानले नाही. उत्तरायुष्यात त्यांनी तिच्याविषयीची खंत जाहीरपणे व्यक्त केली. एकलव्याची कथा शिष्याच्या निष्ठेचा गौरव करते, म्हणून द्रोणाचा नकार न्याय्य ठरत नाही. यशस्वी शिष्येच्या चरित्रावरून नकाराचे मूल्यमापन करताना एवढे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, की नकारानंतर ज्या परतल्या असतील, त्यांचे चरित्र लिहिले जात नाही.