आखाजीच्या झोक्यापासून सहा बैठकांपर्यंत



आमच्या एका गटाच्या हजेरीवहीत एक पान आहे. त्या पानावर एकाच बाईच्या नावापुढे लागोपाठ तीन आठवडे लिहिलंय, "गैरहजर, दंड 10 रुपये". अक्षर माझं आहे. चौथ्या आठवड्यात तिने हप्ता आणि दंड दोन्ही सासूच्या हाती पाठवले. हिशोब चोख लागला आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो. बैठक संपल्यावर एक जण म्हणाली, "कंटाळा करते ती." दुसरी म्हणाली, "बाहेरचं काही असेल, उतारा करायला सांगा."

मी तिच्या घरी गेले ते पुष्कळ उशिरा. ती चार महिन्यांपासून रात्री दोनला जागी व्हायची आणि उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडायची. चूल पेटवणं जिवावर यायचं. दवाखान्यात रक्त तपासून झालं होतं, ताकदीच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. मी विचारलं, काय होतंय गं? तर म्हणाली, "ताई, मना जीव लागत नही." एवढंच.

आता अशा बाईला वेडी म्हणता येत नाही. ताप नाही, म्हणून आजारीही कुणी म्हणत नाही. ती भाकरी करते, कापूस वेचायला जाते, लग्नात जेवते. आपल्या गावांमध्ये सगळ्यात जास्त बायका या मधल्या जागेतच असतात असं मला वाटतं. या मधल्या जागेत असलेल्या माणसासाठी काय काय केलं गेलं, कुठे केलं गेलं, हे मी त्यानंतर शोधत गेले. ते आज तुम्हाला सांगते.

सुरुवात आपल्याच अंगणातून करू. आपल्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात. लिंबाला झोका बांधायचा आणि गाणी म्हणायची. त्या गाण्यांत सासू येते, नणंद येते, दारू पिणारा नवरा येतो, माहेरची वाट येते. जे सासरच्या घरात बोलता येत नाही ते झोक्यावर मोठ्याने गाता येतं आणि कुणी रागवत नाही. श्रावणात कानबाई, भादव्यात गुलाबाई. आणि रोजच्या रोज काय, तर जातं. पहाटेच्या अंधारात दोघी बायका समोरासमोर बसल्या की दळण आणि दुःख एकदमच निघायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फिरून अशा जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एक लाख! बायकांना बोलायचं किती होतं, बघा.

आपल्या बहिणाबाई चौधरी त्यातल्याच. 1880 साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या, ऐन तारुण्यात विधवा झाल्या, अक्षर ओळखत नव्हत्या. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी जे रचलं ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी लिहून ठेवलं म्हणून वाचलं. 1951 साली त्या गेल्या, 1952 साली पुस्तक आलं. मन कसं उनाड गुरासारखं असतं हे त्यांच्याइतकं कुणी ओळखलं नसेल. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

पण मी एक गोष्ट स्पष्ट बोलते. झोक्यावर मन मोकळं व्हायचं आणि आखाजी संपली की लेक त्याच घरी परत जायची. पुढच्या वर्षी तेच गाणं. जात्यावरच्या समोरच्या बाईने ऐकून घेतलं, डोळे पुसले, पण "मग उद्या काय करशील?" हे कुणी विचारलं नाही. आणि नंतर गावोगावी पिठाची गिरणी आली. कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण दोघींनी समोरासमोर बसायची जागाही गेली.

दुसऱ्या बाजूला सरकारी वाट होती. महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या चारच मोठी मनोरुग्णालयं: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. खान्देशात एकही नाही. 1982 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, 1996 पासून तो जिल्ह्यांपर्यंत न्यायला सुरुवात झाली. तरी जिल्ह्याच्या सिव्हिलला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं लागणार, आणि "तिकडे कशाला गेली होती?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणार. झोप लागत नाही एवढ्यासाठी कोण जाईल?

म्हणजे एका टोकाला झोका, दुसऱ्या टोकाला रुग्णालय. मध्ये काहीच नाही.

मध्ये काय असावं याचा विचार आधी लांबच्या देशात झाला. अमेरिकेत 1955 च्या सुमारास अल्बर्ट एलिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सांगायला सुरुवात केली की त्रास नुसत्या घटनेने होत नाही, त्या घटनेबद्दल आपण मनाशी जे घोकतो त्याने तो वाढतो. हप्ता चुकला ही घटना. "हप्ता चुकला, आता मला गावात तोंड दाखवायला जागा नाही" हे घोकणं. घोकणं बदलायला शिकता येतं, आणि शिकून माणूस घरी स्वतःच सराव करू शकतो. महाराष्ट्रात ही पद्धत आणली कि. मो. फडके यांनी. ते मुंबईत बसून एलिस यांची पुस्तकं वाचत, त्यांना पत्रं लिहून शंका विचारत. असा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. मला याची फार गंमत वाटते. स्वतः शिकायचं, पण वाट दाखवणारा कुणीतरी पलीकडे आहे. या उपचाराचं सारं सार त्यात आहे.

तरीही हे शहरातल्या, वाचणाऱ्या लोकांपर्यंतच राहिलं. खेड्यात कोण करणार? एवढे डॉक्टर कुठून आणायचे?

याचं उत्तर शोधणाऱ्यांत आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशाचे डॉ. डिक्सन चिबांडा होते. त्यांची एक तरुण रुग्ण ठरलेल्या दिवशी आली नाही आणि पुढे तिने जीव दिला. का आली नाही, तर बसभाड्याला पैसे नव्हते. हे वाचलं तेव्हा मी हजेरीवहीतलं ते पान पुन्हा उघडून बघितलं. डॉक्टरांनी 2006 साली हरारे शहराच्या म्बारे वस्तीत 14 आज्यांना शिकवलं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाक टाकले. आजी बाकावर बसते, समोरच्याचं ऐकते, मग दोघं मिळून एकच अडचण निवडतात आणि त्यावर पुढच्या वेळेपर्यंत काय करायचं ते ठरवतात. अशा सहा बैठका. तिथल्या भाषेत या त्रासाला "कुफुंगिसिसा" म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपण म्हणतोच ना, "तिला विचार लागलेत"! 2016 साली त्याची तपासणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्या 100 पैकी सुमारे 14 जणांना नैराश्याची लक्षणं उरली होती. नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ती 50 जणांना होती.

आपल्याकडे गोव्यात "संगत" ही संस्था 1996 पासून आहे. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, साध्या शिकलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या लोकांबरोबर ते सहा ते आठ बैठका घ्यायचे. पद्धत अगदी साधी. उदास माणूस म्हणतो, बरं वाटलं की मी कामाला लागेन. ही पद्धत उलट म्हणते: आधी थोडं काम, मन मागून येईल. अंगणात पाच मिनिटं बसणं, शेजारणीकडे जाणं, सुटलेलं शिवण पुन्हा हातात घेणं. कागदावर लिहायचं, केलं की खूण करायची, केल्यावर कसं वाटलं ते पुढच्या बैठकीत सांगायचं. 2017 साली निकाल आला. तीन महिन्यांनी 100 पैकी 64 जण त्या आजारातून बाहेर आले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात 39.

आपल्यासारखाच कापूस पिकवणाऱ्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत "विश्राम" नावाचं काम झालं. तिथे गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर जाऊन याबद्दल बोलायच्या. आधी नैराश्य असलेल्या 100 माणसांतली जेमतेम 4 उपचार घेत होती, दीड वर्षाने 27 घेऊ लागली. बाकीच्या 73 चं काय, हा प्रश्न राहतोच. पण चारावरून सत्तावीस म्हणजे दार उघडलं.

आता आपल्या सगळ्यात जवळचं उदाहरण, नाशिक जिल्ह्यातला पेठ तालुका. डोंगराळ, आदिवासी भाग. 2013 ते 2015 या काळात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य केंद्राने, डॉ. सौमित्र पाठारे यांच्या पुढाकाराने, 41 गावांत "आत्मीयता" हे काम केलं. आणि ऐका, त्यांनी माणसं कुठून निवडली? बचत गटांतून आणि शेतकरी मंडळांतून. म्हणजे आपल्यातूनच.

त्यांनी दोन फळ्या केल्या. पहिली फळी मित्रांची. त्यांचं काम फक्त लक्ष ठेवणं: कोण गप्प झालं, कोण बैठकीला येईनासं झालं, कोणाच्या घरात रोज भांडण आहे. दुसरी फळी शिकवून तयार केलेल्यांची, ज्यांना ते "चॅम्पियन" म्हणायचे. ते त्या माणसाशी चार ते सहा वेळा बसायचे. मध्येच न बोलता ऐकायचं. उपदेश करायचा नाही (हे आपल्याला सर्वांत अवघड, मला तर फारच). मग हातापायाला लावायचं छोटं काम आणि एका अडचणीवरचा तोडगा ठरवायचा. त्यांच्या मोबाईलमध्ये छोट्या फिल्म असायच्या, दहा-दहा मिनिटांच्या, नवऱ्याच्या दारूवर, घरातल्या मारहाणीवर, बेकारीवर. दोघं मिळून बघायचे आणि मग बोलणं सोपं व्हायचं. कुणाची पेन्शन अडली असेल, योजनेचा अर्ज राहिला असेल तर तोही भरून द्यायचा. त्रास मोठा असेल तर सरकारी दवाखान्यात पोचवायचं. पुढे हेच काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात कितीतरी मोठ्या प्रमाणावर गेलं.

पेन्शनच्या अर्जाची गोष्ट मला सगळ्यात पटली. कारण बाईच्या मनाचा त्रास म्हणजे सगळा तिच्या डोक्यातलाच, असं जर कुणी सांगायला लागलं तर मी त्या बैठकीतून उठून जाईन. मार खाणाऱ्या बाईला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून भागत नाही. तिथे पोलीस लागतात, कायदा लागतो, माहेर लागतं.

आपण रेडिओवर भेटतो म्हणून आणखी एक सांगते. युगांडामध्ये युद्धातून पळून आलेल्या दक्षिण सुदानच्या बायकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक पद्धत वापरली. पंचवीस-तीस बायका एकत्र बसायच्या, रेकॉर्ड केलेला आवाज ऐकायच्या आणि हातात चित्रांचं पुस्तक असायचं. पाच बैठका. चालवणाऱ्या बायका त्याच भागातल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या. वाचता येत नाही म्हणून कुणी मागे राहिली नाही.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे ठरलेला वार. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारमागून रविवार गीतेवर प्रवचनं दिली, अठरा रविवारी अठरा अध्याय, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तो काही मानसोपचार नव्हता. पण पुढच्या रविवारची वाट बघणारा कैदी मला नेहमी डोळ्यांसमोर येतो. आपल्या गटाचाही वार ठरलेला असतोच की.

काही गोष्टी मात्र या बैठकांच्या आवाक्यातल्या नाहीत. मरणाची भाषा बोलणारी, खाणंपिणं सोडलेली, नसलेले आवाज ऐकू येणारी, किंवा बाळंतपणानंतर बाळाला जवळच न घेणारी बाई असेल, तर तिला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरकडे न्यायचं. 2022 पासून सरकारचा टेली-मानस नावाचा फोन आहे, नंबर 14416. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. आणि जिने ऐकलं तिने ते बाहेर सांगायचं नाही, अगदी अध्यक्षबाईंनाही नाही. आपल्या गावात गोष्ट पाणवठ्यावर पोचायला किती वेळ लागतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

त्या हजेरीवहीत आता "गैरहजर"च्या पुढे आम्ही एक रकाना वाढवलाय: "कोण जाऊन आलं". दंड अजून आहे, तो काढायला गट तयार झाला नाही, दोनदा चर्चा झाली. ती बाई बैठकीला येते, पण सगळ्या आठवड्यांना नाही. तिच्याबरोबर गटातली एक जण दर गुरुवारी संध्याकाळी ओट्यावर बसते, शेंगा फोडत. पहिल्या गुरुवारी ठरलं होतं, रोज सकाळी दारासमोर सडा टाकायचा, एवढंच. पहिल्या आठवड्यात तीन दिवस पडला, दुसऱ्या आठवड्यात दोनच. तिसऱ्या आठवड्यातला मी स्वतः जाताना पाहिला, त्यावर रांगोळीही होती.